नान-खलिया, मकबरा आणि उरलेले शहर

यवतमाळ जिल्ह्यातल्या उर्दू शाळेची सहल औरंगाबादला निघाली की तिचा रस्ता कुणाला विचारावा लागत नाही. रात्री पुसदहून गाडी सोडायची, वाशीम, मेहकर, जालना करत पहाटे शहर गाठायचे, पाणचक्कीवर तोंड धुवायचे, बीबी का मकबऱ्यासमोर रांगेत उभे राहून फोटो काढायचा, दुपारी खुलताबादला जियारत, संध्याकाळी सिटी चौकात नान-खलिया आणि रात्री परत. त्याच दिवसांत शेजारची मराठी शाळाही निघते. तिची गाडी वेरूळ, घृष्णेश्वर, भद्रा मारुती आणि देवगिरीचा किल्ला करते. जेवण रस्त्यावरच्या 'शुद्ध शाकाहारी' पाटीखाली. तिसरी गाडी बौद्ध वस्तीतल्या मंडळाची. ती अजिंठा, वेरूळची पहिली बारा लेणी, नागसेनवनातले मिलिंद महाविद्यालय आणि विद्यापीठाचा दरवाजा पाहून येते. किल्ल्याच्या पायथ्याशी तिन्ही गाड्या कधी कधी एकाच मैदानात उभ्या असतात. मुले एकमेकांच्या गाडीवरचे फलक वाचतात, गावे ओळखीची निघतात. मग शिक्षकांच्या शिट्ट्या वाजतात आणि जो तो आपापले शहर पाहायला निघून जातो.

नवख्या माणसाने परके शहर कसे पाहावे, तिथे काय खावे, कुठे थांबावे, याचे पहिले शिक्षण आपल्याकडे या सहलीतून मिळते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना आपण एक शहर तीन तुकड्यांत कापून देतो आणि वर त्याला 'शैक्षणिक' म्हणतो. माझे भांडण या कापण्याशी आहे. त्यातले घरातले भांडण आधी.

तत्पूर्वी नावाबद्दल एवढेच. एसटीच्या पाटीवर २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे, रोशन गेटजवळ राहणाऱ्या माझ्या खालाच्या तोंडात अजून औरंगाबाद आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, त्याच्या मुलाने तिचे फतेहनगर केले, १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने आपले नाव दिले. नावाच्या वादावर दोन्हीकडून पुष्कळ शाई आणि काही वेळा रक्तही सांडले आहे. मी इथे ज्या शहराबद्दल लिहिते आहे ते चारही नावांच्या खाली आहे आणि ते पाहायला कुणी फारसे जात नाही.

माझ्या मुली (विद्यार्थिनींना मी मुलीच म्हणते) आठवी-नववीच्या. घरी उर्दू बोलतात, बाजारात वऱ्हाडी. 'काऊन', 'कायले' हे शब्द त्यांच्या तोंडी इतके रुळलेले आहेत की पुण्याकडचे पाहुणे हसतात. बालभारतीचे उर्दूतले इतिहासाचे पुस्तक आम्ही शिकवतो. मराठी शाळेत मराठीतून जे आहे तेच त्यात आहे. अजिंठ्याचा धडा येतो. चित्रे कशी काढली, रंग कसे केले, हे मी फळ्यावर लिहून देते, मुली पाठ करतात, परीक्षेत चार गुण मिळवतात. मग सहलीची यादी होते आणि अजिंठा त्यात नसतो. का नाही, असे विचारले की एक बुजुर्ग हळू आवाजात सांगतात, "मॅडम, बच्चियों को बुत दिखाने ले जाओगे क्या?" दुसरे म्हणतात, तिथली चित्रे उघडी आहेत. तिसरे काही बोलत नाहीत, खर्चाचा कागद पुढे करतात. अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटर, डिझेल लागते, हे खरेच आहे. पण मग वेरूळ? खुलताबादहून वेरूळ चार-पाच किलोमीटरवर. आमची गाडी तिथून मागे फिरते. चार-पाच किलोमीटरला डिझेल किती लागते, हे गणित आमच्या सातवीच्या मुलीलाही येते.

या बुजुर्गांना मी एक नाव सांगत असते: गुलाम यजदानी. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते काढले तेव्हा ते त्याचे प्रमुख झाले आणि १९४३ पर्यंत राहिले. अजिंठ्याची चित्रे ढलप्या होऊन गळत होती. १९२० मध्ये इटलीहून जाणकार बोलावून त्यांची डागडुजी झाली ती याच खात्याकडून. पुढे यजदानींनी अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ सिद्ध केला; पहिला भाग १९३० मध्ये आला, शेवटचा १९५५ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षे. बोधिसत्त्वाच्या डोळ्यांची, दासींच्या बोटांची, हत्तींच्या सोंडेची नोंद एका मुसलमान विद्वानाने आयुष्य खर्चून केली आणि आमच्या जमातीतल्या मुलींना त्याच भिंतीसमोर पाच मिनिटे उभे राहू द्यायचे नाही. ज्या आलमगीर बादशहाच्या नावावर इतकी भांडणे होतात, त्याच्या कारकिर्दीचा फारसी इतिहास 'मआसिर-ए-आलमगिरी' म्हणून आहे. त्यात वेरूळच्या लेण्यांची तारीफ आहे. बादशहाच्या इतिहासकाराला जे पाहून गुनाह झाला नाही, तो पुसदच्या मुलीला कसा होईल?

आणि खुलताबाद तरी आम्ही पाहतो का? जियारत करतो, चादर चढवतो, पेढे घेतो. बुऱ्हानुद्दीन गरीब तिथे आहेत. 'गरीब' या शब्दाचा आपण आता दरिद्री एवढाच अर्थ लावतो. अरबीत तो परक्या, घर सोडून आलेल्या माणसाला म्हणतात. दिल्लीहून आलेला हा सूफी १३३७ मध्ये इथल्या मातीत गेला. पाणचक्कीजवळ ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर. त्यांच्या तर नावातच प्रवास आहे. मलिक अंबर हबशाण्यातून गुलाम म्हणून विकला जात इथवर पोहोचला, निजामशाहीचा वजीर झाला आणि १६२६ मध्ये खुलताबादलाच पुरला गेला. नवख्यांनी वसवलेल्या या शहरात आम्ही शिक्षक मुलांना नवखे म्हणून नेतो आणि यातले काही सांगत नाही. सांगायला आम्हाला वेळ नसतो, कारण मुलींना मजारीच्या चौकटीबाहेर कुठे उभे करायचे याची व्यवस्था लावण्यात तो जातो. कितीतरी दर्ग्यांत अजून हेच चालते. हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्यासाठी बायकांना २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून निकाल आणावा लागला होता. मग मुली विचारतात, मॅडम, मकबरा तर बीबीचा आहे ना, तिथे आपण आत जाऊ शकतो का?

जाऊ शकतो. पण तिथेही गाइड सगळा वेळ ताजमहालात घालवतो. हा ताजची नक्कल, हा गरिबांचा ताज, तिथे सगळा संगमरवर, इथे वरचा थोडा आणि बाकी गिलावा. मुली मान वर करून जे समोर नाही तेच पाहत राहतात. दिलरास बानूची कबर वरच्या सज्जातून खाली वाकून पाहावी लागते. जाळीच्या आत नुसती माती आहे, वर दगड नाही. लोक त्या मातीवर नाणी फेकतात, ते मला कधी आवडले नाही. दरवाजावर मात्र कुणी थांबत नाही, आणि खरे वाचायचे ते तिथे आहे. १६६०-६१ च्या सुमारास पुरे झालेल्या या इमारतीच्या मुख्य दरवाजावरच्या लेखात दोन नावे आहेत, वास्तुकार अताउल्ला आणि स्थापत्य सांभाळणारा हंसपतराय. आजच्या भाषणबाज सद्भावापेक्षा ही दोन नावे मला जास्त भरवशाची वाटतात. एकाने नकाशा केला, दुसऱ्याने बांधून घेतले, दोघांनी मजुरी घेतली, काम उभे राहिले. त्याच मकबऱ्याच्या पाठीमागे दोन-तीन किलोमीटरवर डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तीही आमच्या गाडीला दिसत नाहीत.

हे झाले घरचे. आता बाहेरचे.

गेल्या काही वर्षांत एक नवा पाहुणा या शहरात यायला लागला आहे. तो रमजानमध्ये येतो. बुढ्ढी लेन, सिटी चौक, शहागंज इथे रात्री दहानंतर फिरतो, हातात मोबाइल असतो, तव्याच्या वाफेचे चित्रण करतो आणि 'लजीज', 'शाही', 'जन्नत' असे तीन-चार उर्दू शब्द घेऊन घरी जातो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्याही दर रमजानला हाच मजकूर छापतात. त्यात नान-खलियाची गोष्ट ठरलेली: महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, लष्कराला एकदम जेवू घालायचे होते, म्हणून मोठ्या देगांत खलिया आणि तंदुरात नान. पुस्तकात 'कलिया', शहराच्या तोंडी 'खलिया'. गोष्ट खरी असो वा रचलेली, मला तिच्याशी वैर नाही. पाहुण्यांशीही नाही, दुकानदाराचा धंदा होतो, तो सुखी तर मी सुखी. प्रश्न असा की सातशे वर्षांपूर्वीच्या लष्कराला काय शिजवले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आज देगेखाली लाकडे सारणारा माणूस कुठे राहतो हे का ठाऊक नसावे? हाच पाहुणा आपल्या वसाहतीत परतला की 'आमच्या बिल्डिंगमध्ये नॉनव्हेजवाल्यांना देत नाही' या नियमावर सही करतो. मी प्रशिक्षणासाठी बारा दिवस या शहरात होते. पहिल्या दिवशी स्थानकाजवळच्या एका लॉजवर खोल्या रिकाम्या होत्या, माझे ओळखपत्र पाहिल्यावर त्या भरल्या. म्हणून मी खालाकडे राहिले. झाले ते एका अर्थी बरेच, नाहीतर मीही नान-खलिया खाऊन परत आले असते.

कारण खालाच्या घरी बारा दिवसांत मांस दोनदाच शिजले. बाकी दिवस खट्टी दाल आणि भात, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, कधी अंड्याचा सालन. यवतमाळमध्ये माझ्या आईचा स्वयंपाकही याहून वेगळा नाही. फक्त तिच्याकडे अंबाडीत वरून लसणाची फोडणी जास्त आणि मार्गशीर्षात शेतावर कुणाकडे रोडगे असले की आम्हाला बोलावणे ठरलेले. हे अन्न चित्रित करायला कोणी येत नाही. भाकर-अंबाडी खाणारा मुसलमान पाहुण्यांच्या यादीत बसत नाही. नान-खलिया तर चौघांच्या घरात शिजतच नाही. ते देगेचे अन्न आहे, लग्नाचे, शंभर-दोनशे पानांचे. लाल तर्री, पिवळसर तजेल्याची मऊ नान, आणि पंगतीत सगळ्यांना एकच वाटी. गरिबाच्या लग्नात ही देग 'बडे के' गोश्ताची असायची. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. बैलाचे मांस गेले, उरली म्हैस, नाहीतर मटण. मटणाचा खर्च ज्याला झेपत नाही तो पाने कमी करतो. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे दुसऱ्या बाजूने माहीत आहे. थकलेला बैल विकायचा कुणाला, हा प्रश्न पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभा असतो. खाद्यभ्रमंतीच्या लेखांत केशर, वेलदोडे, तुघलक सगळे येते, २०१५ येत नाही.

आमचीही यात कमाई आहे, ती लपवायला नको. ईदला शेजाऱ्याला शिरखुर्मा पाठवला, साहेबांना दावतीला बोलावून बिर्याणी वाढली, की आपण समजतो सहजीवन झाले. वर्षाचे उरलेले दिवस आपण त्यांच्या घरी काय शिजते हे विचारत नाही. गुलमंडी सिटी चौकापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर. तिथली उडदाच्या डाळीची इमरती शहरात सगळ्यांना माहीत आहे. नान-खलिया खाऊन आमच्या सहलीची मुले गोड काय खातात? गाडीत आणलेले बिस्कीट. कारण गुलमंडी 'आपल्यात' येत नाही. आणि मराठी शाळेच्या मुलांना सिटी चौक 'त्यांच्यात' येत नाही. दोन पेठांमधले हे अंतर कुठल्या नकाशात मोजतात?

बायकांचा मुद्दा तर पुरवणीवाल्यांना आणि आमच्या बुजुर्गांना, दोघांनाही सुचत नाही. मी आणि माझी खालेरी बहीण एका संध्याकाळी खलिया खायला गेलो. खाली चाळीसेक पुरुष जेवत होते. आम्हाला पाहून गल्ल्यावरच्या भाईंनी अदबीने, खरोखर अदबीने सांगितले, "बाजी, लेडीज के लिए पार्सल है, बैठने का इंतजाम नहीं." पुढच्या दुकानात इंतजाम होता: वर चढणाऱ्या अरुंद जिन्यापाशी प्लायवूडचा आडोसा, त्याला पडदा, आत पंखा बंद. खलिया उत्तम होता. पण तर्रीवर पाव बुडवावा तशी नान बुडवत, समोरचा रस्ता, हातगाड्या, अत्तरवाला, भांडणारी पोरे पाहत जेवणे हा त्या चौकातला खरा स्वाद असेल, तर तो आम्हाला पडद्याच्या कापडाएवढाच मिळाला. शहर फिरणे म्हणजे पुरुषांनी फिरणे आणि बायकांसाठी पार्सल आणणे, ही व्यवस्था आम्ही सहलीतही चालवतो. मुलगे चौकात जेवतात, मुलींचे डबे गाडीत येतात.

मराठी शाळेच्या गाडीबद्दल मी बोलले नाही तर हे भांडण एकतर्फी होईल. वेरूळला मालोजीराजांची गढी आहे, ती मुलांना दाखवतात; दाखवलीच पाहिजे. शहाजीराजे १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी त्याच लढाईत पडले, हे गढीसमोर उभे राहून सांगायला किती वेळ लागतो? आणि ज्याच्या बाजूने ते लढले तो सेनापती चार-पाच किलोमीटरवर झोपलेला आहे. मी एका शिक्षकांना हे म्हटले तर ते म्हणाले, "खुलताबादला मुलांना नेऊन काय सांगू मॅडम, तिथे औरंगजेबाची कबर आहे. पालक शाळा डोक्यावर घेतील." मार्च २०२५ मध्ये त्या कबरीवरून नागपुरात जे घडले त्यानंतर त्यांची भीती मला खोटी म्हणवत नाही. पण एका साध्या, उघड्या आभाळाखालच्या कबरीच्या भीतीने भद्रा मारुतीच्या गावातलाच मलिक अंबरही मुलांपासून लपवायचा, आणि देवगिरीच्या किल्ल्यावर एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी मुसलमानी अमलात किल्लेदार होते हेही गाळायचे, तर मग मुलांनी तिथे पाहायचे काय? खंदक आणि तोफ?

आणि तिसरी गाडी. मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झाले. बाबासाहेबांनी ते मुंबई-पुण्यात आणखी एक म्हणून काढले नाही, निजामाच्या राज्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या मराठवाड्यात काढले. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरात त्यांच्याआधी कुणी दहावीपर्यंत गेलेले नाही. त्यांना ताजमहालाची नक्कल दाखवण्यापेक्षा नागसेनवनातल्या झाडांखाली एक तास बसवून, विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत लोकांनी काय सोसले हे सांगणे जास्त गरजेचे आहे असे मला वाटते. अडवणारा कोण? इथे तर बुतही नाहीत.

पाणचक्कीवर मी शेवटच्या दिवशी एकटी गेले. लोक हौदाच्या कडेला बसून पडणाऱ्या पाण्याचे फोटो काढत होते. शहराबाहेरच्या टेकड्यांतून मातीच्या नळांनी पाणी आणून ते उंचावरून सोडायचे आणि त्याच्या जोरावर जाते फिरवायचे, अशी अठराव्या शतकातली ही युक्ती. जाते कशासाठी? खानकाहीत येणारे फकीर, मुसाफिर आणि तिथे शिकणारी मुले यांच्या पिठासाठी. म्हणजे ज्याला आम्ही प्रेक्षणीय स्थळ म्हणतो ते मुळात परक्या माणसाच्या भाकरीची सोय होती. माहितीच्या पाटीपुढे उभे राहून एक आजोबा नातवाला मराठीत हेच समजावून सांगत होते. नातू म्हणाला, म्हणजे आपल्यालाही मिळाली असती का? आजोबा म्हणाले, मिळाली असती ना.

यंदाच्या सहलीचा कागद मी समितीपुढे ठेवला आहे. मुक्काम दोन दिवसांचा मागितला आहे. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, म्हणून बुधवारी सकाळी अजिंठा. गुरुवारी वेरूळ, तिथून खुलताबाद, येताना नागसेनवन आणि मकबरा. शेजारच्या मराठी शाळेतल्या बाई त्याच गुरुवारी गाडी काढायला तयार आहेत. मलिक अंबरच्या कबरीपाशी थांबण्याविषयी त्या त्यांच्या संस्थाचालकांना विचारून सांगणार आहेत. अजिंठ्यावर आमच्या समितीत अजून सही झालेली नाही. जेवणाच्या रकान्यात मी लिहिले आहे: गुरुवारी संध्याकाळी सिटी चौक, नान-खलिया, मुली खालच्या हॉलमध्ये पुढच्या बाकांवर बसतील, पार्सल नको, नंतर चालत गुलमंडी, प्रत्येकी एक इमरती.